खाऱ्या पाण्याचे वजन

आज, ८ जून, जागतिक महासागर दिन. मोसमी पाऊस कोकणातून घाटावर कधी चढतो, याकडे आपले डोळे लागलेले असताना ग्रीनलंडच्या बर्फाची चर्चा कुणाला अप्रस्तुत वाटेल. पण त्या बर्फाचे आपल्या पावसाशी नाते आहे आणि ते समजून घेण्याची वेळ आली आहे.

उष्ण कटिबंधातले कोमट, खारे पाणी अटलांटिकच्या पृष्ठभागावरून उत्तरेकडे वाहते. ग्रीनलंड-नॉर्वेच्या समुद्रापर्यंत जाता जाता आपली ऊब ते हवेला देऊन टाकते. खारे तर ते असतेच, त्यात गारठून आणखी जड होते, खोल बुडते आणि खालून दक्षिणेकडे परतते. २००४पासून २६ अंश उत्तर अक्षांशावर समुद्रात सोडलेली उपकरणे हा प्रवाह मोजत आहेत. सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी! जगातल्या साऱ्या नद्या मिळूनही त्याच्या दहाव्या हिश्शाला पोहोचत नाहीत.

हे रहाटगाडगे चालते ते पाण्याच्या वजनावर. एक किलो समुद्रजलात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. वितळलेला बर्फ बिनमिठाचा. ग्रीनलंड गेली दोन दशके वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे. हे हलके पाणी मिसळले की वरचा थर गारठूनही सहजी बुडत नाही. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतले अ‍ॅगॅसिझ हे हिमसरोवर फुटून समुद्रात रिते झाले, तेव्हा उत्तर अटलांटिकचा परिसर दीडेकशे वर्षे गारठला. उत्तरेला ऊब कमी पोहोचली की उष्ण कटिबंधातला पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो. त्या काळात आशियातला मोसमी पाऊसही क्षीण झाल्याच्या खुणा गुहांमधल्या चुनखडीत सापडतात.

या शतकात प्रवाह मंदावण्याची दाट शक्यता ‘आयपीसीसी’ या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीने २०२१मध्ये वर्तवली, २१००पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, हे मात्र मध्यम खात्रीनेच सांगितले. ऑक्टोबर २०२४मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांना पत्र लिहून हा धोका कमी लेखला जात असल्याचे बजावले.

प्रवाह कोसळण्याची नेमकी तारीख कळेपर्यंत थांबणे कोरडवाहू शेतीच्या महाराष्ट्राला परवडणारे नाही. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रासारख्या संस्थांना भरघोस बळ हवे. पाणी आणि पिकांच्या नियोजनात हा धोका धरायला हवा. आणि बर्फ टिकवायचा तर कोळसा-तेलाचा धूर घटवण्यावाचून गत्यंतर नाही. तो आग्रह भारताने जगापुढे धरावा, घरातही पाळावा. यात आपला पाऊस पणाला लागला आहे.