कृषी संशोधन सातबाऱ्यापाशीच का अडते?

खरिपाची तयारी सुरू झाली की राज्यभर कृषी विभागाच्या बैठका, मेळावे आणि मोबाईलवरचे संदेश सुरू होतात. 2025 मध्ये यात मोठी भर पडली. राज्य सरकारने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद केली. 'महाविस्तार' हे ॲप आले, त्यावर शेतकरी मराठीत प्रश्न विचारू शकतो. 29 मे ते 12 जून या काळात केंद्र सरकारने 'विकसित कृषी संकल्प अभियान' राबवून शास्त्रज्ञांना गावोगावी पाठवले. संशोधन प्रयोगशाळेतून शिवारात यावे, या हेतूबद्दल आमचा वाद नाही. पण ते गावात आल्यावर कोणाच्या दारी जाते, हे आपणच तपासले पाहिजे. कारण आपली बहुसंख्य माणसे शेतात राबतात, पण शासनाच्या व्याख्येत ती शेतकरी नसतात.

आम्ही विदर्भातल्या काही गावांत शेतमजूर आणि अल्पभूधारक कुटुंबांसोबत काम करतो. तिथली शेतीशाळा सकाळी 11 वाजता भरते. त्या वेळी आपल्या बाया निंदणाला आणि पुरुष फवारणीला गेलेले असतात. मेळाव्याचा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, आणि ग्रुपमध्ये असतात सातबाराधारक. बटाईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याचा व्यवहार तोंडी असतो, म्हणून त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. मग त्याला सल्ला देतो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तो उधारीवर माल देतो, म्हणून त्याचा शब्द मोडता येत नाही. औषध कोणते आणि किती, हे ठरवणाराच ते विकणारा असतो.

याची किंमत आपण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिली. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूर मोठ्या संख्येने होते. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. हे ज्ञान सरकारी पुस्तिकांत होते, डब्यावरच्या बारीक अक्षरांतही होते. पण डबा विकत घेणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा. माहिती पोहोचलीच तर मालकापर्यंत पोहोचली, विष मात्र मजुराच्या अंगात गेले.

ही नुसती एका जिल्ह्याची किंवा एका वर्षाची चूक नाही. 1970 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने देशात 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत आली. कृषी कर्मचाऱ्याने गावातले काही 'संपर्क शेतकरी' निवडायचे, त्यांना शिकवायचे, आणि त्यांच्याकडून ज्ञान इतरांपर्यंत झिरपेल अशी अपेक्षा ठेवायची. निवडले गेले ते बहुतेक ऐपतदार आणि वरच्या जातींचे शेतकरी. ज्या गावात पाणवठे आणि वस्त्या वेगळ्या होत्या, तिथे ज्ञान आपोआप झिरपेल असे मानणेच भाबडेपणाचे होते. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर माहिती सामाजिक संबंधांच्या वाटेनेच प्रवास करते, आणि आपल्या गावात त्या वाटा जातीने आखलेल्या आहेत. ॲप आले म्हणून त्या पुसल्या जात नाहीत.

उलट नवी व्यवस्था ही भिंत पक्की करू शकते. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. हा क्रमांक आधार आणि सातबाऱ्याशी जोडलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला क्रमांक नाही. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशात अनुसूचित जातींकडे सुमारे 12 टक्के वहितीधारणा होत्या, पण क्षेत्र 9 टक्क्यांहून कमी होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्या गायरान कसत आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. म्हणजे जमिनीच्या कागदाचा जुना अन्याय आता माहितीच्या आणि अनुदानाच्या हक्कातही उतरतो आहे.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लावता येणाऱ्या भांडवलावर आणि साधनांवर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. आज ज्ञान हेही तसेच एक साधन आहे. दोन एकरवाल्याला ते वेळेवर मिळाले तर त्याचा खर्च वाचतो. घरचे सोयाबीन पेरण्याआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि त्यातले 70 किंवा जास्त उगवले, तर ते बियाणे पेरण्याजोगे आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही. तरी ती माहीत नसल्याने दुबार पेरणीचे कर्ज काढणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. शेतीशाळा आणि प्रात्यक्षिके संध्याकाळी, वस्तीत, विहारात किंवा समाजमंदिरात घ्या. फवारणीचे प्रशिक्षण मालकाला नव्हे, फवारणाऱ्याला द्या आणि हातमोजे, मास्क, चष्मा देणे मालकावर बंधनकारक करा. बटाईदार, गायरानधारक आणि शेतमजूर महिलांची गावनिहाय नोंद करून सल्ला त्यांच्यापर्यंत न्या. गावच्या कृषी समित्यांत आपल्या वस्तीचा माणूस असावा, तो नावापुरता नको.

काही कामे आपणही उद्यापासून करू शकतो. वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींनी कृषी सहायकाचा नंबर घ्यावा आणि विद्यापीठाचा सल्ला आठवड्याला एकदा वाचून दाखवावा. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास त्यासाठी ठेवता येईल. डब्यावरचा त्रिकोण ओळखायला शिकवणे दहा मिनिटांचे काम आहे. यवतमाळात ती दहा मिनिटे कोणी दिली नाहीत. आपल्या गावात ती आपण देऊया, आणि ज्यांची ती जबाबदारी होती त्यांना जाबही विचारूया.

जयभीम.