एका मिलिमीटरचे मोल

दोन-धावी स्कूटरचे एंजिन रचनेने इतके साधे असते की, त्यात सुधारणा करण्याचा मोह हुशार मिस्त्रीस सहसा आवरत नाही. राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणारी ‘चेतक’ १९७२ साली पुण्याजवळील आकुर्डीहून बाहेर पडली. त्या घोड्याच्या राजस्थानात तिला आपलेपणाचे स्थान मिळावे, हे साहजिकच होते. दोन-धावी चेतकचे उत्पादन आता बंद झाले असले, तरी जुन्या गाड्या जपणारे लोक आहेत; आणि सिलिंडरचे निष्कास-द्वार कानशीने उंच करून ‘ताकद वाढवून’ देणारेही आहेत. या प्रथेचा शास्त्रीय विचार होणे अगत्याचे आहे.

या एंजिनात जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी निराळी झडप नसते. सिलिंडरच्या भिंतीत एक द्वार असते व वरखाली होणारा दट्ट्याच ते उघडतो आणि मिटतो. अर्थात द्वाराची वरची कड हेच येथील घड्याळ होय. चेतकच्या दट्ट्याची धाव ५७ मिलिमीटर आहे. ही कड केवळ एक मिलिमीटर वर नेली, तर भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात द्वार सुमारे पाच अंश अधिक काळ उघडे राहते. एंजिन अतिवेगाने फिरत असता ही सवलत उपयोगी पडते, कारण तेव्हा वायूस बाहेर पडावयास वेळच अपुरा असतो. परंतु मंद गतीत त्याच उघड्या दारातून ताजे मिश्रण निसटते आणि दाब उशिरा सुरू झाल्यामुळे ओढ घटते. जयपूरच्या जोहरी बाजारातील गर्दीत स्कूटर कोणत्या गतीने चालते, हे वाचकांस सांगावयास नको.

येथे कोणी शर्यतीच्या गाड्यांचा दाखला देईल. तो दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन याने १९६१ पर्यंत १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळविली. मात्र द्वारांबरोबर त्याने निष्कास-नळीचा आकारही असा बेतला की, दाबाची लहर परत येऊन निसटणारे मिश्रण सिलिंडरात ढकलीत असे. स्कूटरच्या पेटीवजा सायलेन्सरकडून ही अपेक्षा कशी करावी? शिवाय द्वार फार रुंद केल्यास दट्ट्याची रिंग त्यात फुगते व अडकून मोडते, ते निराळेच.

निसटलेले मिश्रण वाया जाते एवढ्यावरच भागत नाही. ते इतरांच्या श्वासात जाते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना धूर-तपासणीत हायड्रोकार्बनची मर्यादा दशलक्ष भागांत ९,००० अशी सैल आहे, आणि ती तपासणी गाडी उभी असताना होते. तेव्हा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी निर्दोष ठरली, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

ओतकामातील खरबरीतपणा काढणे, तीक्ष्ण कडा किंचित मोडणे, यांस आमचा विरोध नाही. प्रयोगासही नाही. आग्रह आहे तो मोजमापाचा. भुजादंडावर अंशांची चकती बसवावी, कड कोठे आहे ते कानस लावण्यापूर्वी टिपावे, एकाच रस्त्यावर आधी व नंतर पेट्रोलचा खर्च मोजावा. केवळ आवाज कर्कश झाला म्हणून शक्ती वाढली, असे अनुमान काढू नये. वर्कशॉपात ज्यास हातचे कौशल्य आहे, त्यास हे मुळीच अवघड नाही.

याच जयपुरात सवाई जयसिंगाने, धातूची लहान यंत्रे झिजून चुकतात हे ध्यानी घेऊन, दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्रावर दोन सेकंदांइतक्या सूक्ष्मतेने वेळ वाचता येते. अशा नगरात एक मिलिमीटर धातू अंदाजाने घासला जावा, हे शोभत नाही. घासलेली धातू परत येत नाही. म्हणून आधी मोजावे, आणि मगच कानस उचलावी.