वाचलेलं पाणी कुणाचं?

मुंबईतल्या आमच्या ऑफिसच्या वॉशरूममध्ये आरशाशेजारी एक स्क्रीन आहे. ‘या महिन्यात आपण एवढे लिटर पाणी वाचवलं’ असं त्यावर हिरव्या अक्षरांत येतं. तो आकडा ज्या डॅशबोर्डमधून येतो, तो मीच लिहिलाय. परवा फॅसिलिटी टीममधला एक जण विचारत होता, “उद्या महापालिकेने पाणी वाचवणाऱ्या ऑफिसांना बिलात सूट द्यायची ठरवली, तर हा रिपोर्ट पुरावा म्हणून चालेल ना?” मी म्हणालो, चालेल की.

तेव्हापासून ‘वाचवलं’ हा शब्द डोक्यातून जात नाहीये. कारण मी वैशाखऱ्याचा. कल्याणहून माळशेजकडे निघालात की मुरबाड, टोकावडे मागे टाकून तुम्ही आमच्या गावावरून जाता, बहुतेक वेळा पावसाळ्यात, धबधबे बघायला. एकदा मे महिन्यात या. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांवर तेव्हा बाया ड्रम मांडून टँकरची वाट बघत असतात. माझ्या आत्याला शहापूर तालुक्यात दिलीय. तिच्या तालुक्यात तानसा आहे, 1892 पासून मुंबईला पाणी पाजणारा. भातसा आहे, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून येतं. आणि त्याच तालुक्यातल्या तहानलेल्या गावांसाठी पाणी आणायचं ठरलं ते कुठून, तर इगतपुरीच्या भावली धरणातून, घाटावरून! उशाशी असलेलं पाणी खाली शहरात जाणार आणि उशाशी राहणाऱ्यांनी वरून येणाऱ्या पाइपची वाट बघायची.

जरा गणित करू. जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी जातं. ड्युअल फ्लशमध्ये तीन किंवा सहा. दर फ्लशमागे सहा लिटर वाचले, माणशी दिवसाला दोन फ्लश, असं धरा. हजार माणसांच्या ऑफिसात दिवसाला 12,000 लिटर झाले. म्हणजे एक मोठा टँकर. टंचाईत टँकरने पाणी देताना आपल्याकडे माणशी दिवसाला 20 लिटर धरतात. म्हणजे एका ऑफिसच्या संडासात वाचलेल्या पाण्यावर सहाशे माणसांचं गाव मे महिना काढू शकतं.

त्यामुळे बचतीची थट्टा मी करणार नाही. व्यवसायांना त्यासाठी पैसे देण्यालाही माझा आंधळा विरोध नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत पाणीपुरवठा संस्था ते करतात. त्यातलं लास व्हेगास बघण्यासारखं आहे. तिथे घराऑफिसांच्या आत वापरलेलं पाणी शुद्ध करून जवळजवळ सगळं परत लेक मीडमध्ये सोडतात, आणि जेवढं परत गेलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. लॉनवर टाकलेलं मात्र उडून जातं. म्हणून तिथे लॉन काढायला भरपूर पैसे मिळतात. सूट ठरवण्याआधी त्यांनी पाणी शेवटी जातं कुठे ते पाहिलं.

आपल्या फ्लशमधलं पाणी खाडीत आणि समुद्रात जातं. भातसाकडे थेंबही परत येत नाही. म्हणजे मुंबईत इमारतीच्या आत वाचलेला लिटर खराखुरा वाचलेला आहे. पण तो नदीपर्यंत पोचत नाही. धरणातून उचल तेवढीच राहते आणि वाचलेला लिटर पुढच्या टॉवरच्या टाकीत जातो. कंपनीला सूट, बिल्डरला कनेक्शन, आत्याला ड्रम.

वर आमच्या तालुक्यात काळू नदीवर धरण बांधायचं घाटत असतं. 2012 साली वन परवानगीशिवाय चाललेलं ते काम मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं. फाइल काही मेली नाही. शहरात पाणीकपात झाली की काळूचं नाव निघतंच. शहर एका हाताने बचतीची सूट मागणार आणि दुसऱ्या हाताने आमची गावं बुडवणार असेल, तर त्या बचतीचं आम्ही काय करायचं?

म्हणून अशी सूट द्यायचीच असेल, तर आधी तीन गोष्टी ठरवा.

पहिली, सूट मीटर बघून द्या, रिपोर्ट बघून नको. आता कबूल करतो: माझा डॅशबोर्ड पाणी मोजतच नाही. हेडकाउंट गुणिले जुन्या-नव्या फ्लशमधला फरक, एवढंच त्याचं लॉजिक. अर्धं ऑफिस घरून काम करत असलं तरी आकडा तेवढाच हिरवा. पुण्यात सोलर, पर्जन्यसंचय, गांडूळखत यांसाठी मालमत्ताकरात 5 ते 10 टक्के सूट मिळते. सूट चालू आणि यंत्रणा बंद असले प्रकार तिथे निघाले, मग तपासणी आली. आपण उलट्या क्रमाने जायची गरज नाही.

दुसरी, काल जास्त उधळलं म्हणून आज जास्त बक्षीस, हे नको. ज्याने आधीपासून जपून वापरलं त्याला ‘बचत’ दाखवताच येत नाही. माणशी वापराची मर्यादा ठरवा आणि त्याखाली जो येईल त्यालाच सूट द्या. तीही नळ-फ्लश बदलायच्या खर्चापुरती, एकदाच. पुढे बिल कमी येतं, तो फायदा आहेच.

तिसरी आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: सूट दिलेला प्रत्येक लिटर शहराच्या मागणीतून कायमचा वजा करा. त्यातला पहिला हिस्सा धरणाखालच्या आणि धरणामागच्या गावांच्या नळाला द्या. उरलेला काळूच्या गरजेच्या आकड्यातून कमी करा. हे जमत नसेल, तर ती बचत नाही, नुसती वाटपाची अदलाबदल आहे. तिला आमच्या पाण्याच्या नावाने सूट मागू नका.

मागच्या आठवड्यात मी स्क्रीनवरचा मजकूर बदलायचा प्रस्ताव पाठवला: ‘आज मीटरप्रमाणे आपण एवढं पाणी वापरलं. ते शहापूरहून आलं.’ दोन दिवसांनी उत्तर आलं, “छान आहे, पण थोडं निगेटिव्ह वाटतंय.”