पाहुण्यांना लाल चर्चही दाखवा

पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की इंदूरच्या मराठी घरातला बेत ठरलेला असतो: राजवाडा, काच मंदिर, लालबाग, रात्री सराफा. लाल चर्च, म्हणजे इंदूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल, त्यात नसते. ‘ते कुठे तेवढं जुनं?’ असा आक्षेप येतो. पण आपण कौतुकाने दाखवतो त्या राजवाड्याचा मोठा भाग 1984च्या दंगलीत जळाला आणि नंतर पुन्हा उभा राहिला; तिथे दगडाचे वय कोणी विचारत नाही. होळकरशाही आणि पोहे-जिलबी एवढ्यावर शहराचा इतिहास संपत नाही. उदयनगर भागात भूमिहीन मजुरांना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 1995 मध्ये हत्या झाली. 2017 मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला. हा या धर्मप्रांताचा, म्हणजे आपल्या माळव्याचाच इतिहास. प्रार्थनास्थळाचे पर्यटन करू नये, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर रीतभातीचे: प्रार्थनेची वेळ टाळावी, फोटोआधी विचारावे, आवाज खाली ठेवावा. खजराण्याच्या गणपतीला जाताना आपण पाहुण्यांना हेच बजावतो (निदान बजावायला हवे). वेळ उरलाच तर रेसिडेन्सी भागातले 1858चे पांढरे चर्चही पाहावे. सत्तावन्नचा उठाव तिथून जवळच पेटला होता.