काउंटरवर माया साराभाई बसवू नका

मागच्या व्हिडिओंमध्ये आपण मार्जिन, उधारी आणि खरेदीच्या हिशेबावर बोललो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, कारण आज एका टीव्ही मालिकेबद्दल बोलायचंय. पण शेवटपर्यंत वाचा. विषय थेट आपल्या गल्ल्याशी जोडलेला आहे.

'साराभाई व्हर्सेस साराभाई' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, निदान मोबाइलवर तिचे तुकडे तरी. २००४च्या नोव्हेंबरमध्ये ती स्टार वनवर सुरू झाली आणि २००६ मध्ये संपली. सासू-सुनांच्या मालिका त्या काळात वर्षानुवर्षं चालायच्या, ही दीड वर्षात आटोपली. टीआरपी बेताचाच होता. नंतर पुन्हा पुन्हा दाखवली गेली तेव्हा लोक तिच्या प्रेमात पडले, आणि २०१७ मध्ये तिचा पुढचा भाग वेबवर आला. आपला सुमीत राघवन त्यात मुलाच्या, म्हणजे साहिलच्या भूमिकेत होता.

पण मालिका लक्षात राहिली ती रत्ना पाठक शाह यांच्या माया साराभाईमुळे. कफ परेडला राहणारी, उच्चभ्रू, नाक कायम वर. तिची सून मोनिशा साध्या घरातली. सेल शोधणारी, घासाघीस करणारी, एकावर एक फ्री दिसलं की थांबणारी. माया तिला उठता-बसता 'मिडल क्लास' म्हणून हिणवते. मोनिशाचं खरं नाव मनीषा. तेसुद्धा मायाला फार सामान्य वाटलं, म्हणून तिने ते बदलून टाकलं!

माणूस म्हणून माया आवडण्यासारखी नाही. तरी आपण पोट धरून हसतो, कारण टोमणा मोनिशाला बसतो, आपल्याला नाही. हीच माया दुकानाच्या काउंटरमागे बसली आणि समोर आपण उभे असलो, तर हसू येईल का? माझं स्पष्ट मत आहे की आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात चांगला माल असलेली कितीतरी दुकानं या एका गोष्टीमुळे मार खातात. मालकाच्या डोक्यात माया बसलेली असते आणि समोर उभी असते मोनिशा.

आपलं गिऱ्हाईक नक्की कोण?

सकाळी बोईसर स्टेशनबाहेर अर्धा तास उभे राहा. तारापूर एमआयडीसीत केमिकल, औषधं, कापड, स्टीलच्या कंपन्यांत पाळीला जाणारी माणसं दिसतील. त्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारी मुलं आहेत. विक्रमगड, जव्हारकडून रोजगारासाठी आलेले आपले आदिवासी बांधव आहेत. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून मुंबईकडे नोकरीला जाणाऱ्यांची सोय झाली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, त्यामुळे मोखाडा-तलासरीपासून लोक कामासाठी पालघरला येतात. आल्यावर चहा पितात, झेरॉक्स काढतात, जेवतात, मुलांसाठी काहीतरी घेऊन जातात.

यातली बहुतेक सगळी माणसं मोनिशाच आहेत. पगार हातात पडेपर्यंत पैसे मोजून खर्च करणारी. भाव विचारणारच. दोन दुकानं फिरणारच. त्यात त्यांचं काय चुकलं? आपण स्वतः होलसेलवाल्याकडे गेलो की काय करतो?

आणि काउंटरवर त्यांना काय ऐकू येतं? "ए भैया, हात नको लावू." "घेणार आहेस का, नुसता बघतोयस?" "ते तुझ्या बजेटमध्ये नाही बसणार." मायाने सुनेचं नाव बदललं म्हणून आपण हसतो. आणि रोज येणाऱ्या माणसाचं नाव दोन वर्षांत एकदाही न विचारता आपण त्याला 'ए भैया' करून टाकतो. हिणवणं तेच, फक्त इथे बॅकग्राउंडला हसण्याचा आवाज नसतो.

हिशेब करून बघा

समजा तुमची खानावळ आहे आणि थाळी ८० रुपयांची आहे. कंपनीत कामाला असलेला एक मुलगा महिन्यात २६ दिवस जेवतो. झाले २,०८० रुपये. त्याच्या खोलीतले चौघे आले तर ८,३२०. आता दुसरीकडे गाडीतून येणारं एक कुटुंब बघा. महिन्यातून एका रविवारी येतं आणि १,५०० रुपयांचं बिल करतं. कोण आल्यावर तुम्ही स्वतः उठून टेबल पुसता? आणि कोणाला म्हणता, "जरा सरकून बस रे"?

गाडीवाल्यांचा अपमान करा असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की चपला बघून आवाज बदलू नका. चौघांतला एक दुखावला तर तो एकटा जात नाही, अख्खी खोली जाते.

बाहेरच्या देशातली अशीच एक मालिका आहे, 'फॉल्टी टॉवर्स'. बीबीसीवर १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे मोजून १२ भाग झाले. पण आजही जगभर बघितली जाते. तिचा नायक बेझिल फॉल्टी समुद्रकिनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलचा मालक आहे, आणि भयंकर तुसडा. जॉन क्लीजने तो रंगवलाय. १९७० मध्ये तो आणि त्याचे सहकारी शूटिंगसाठी टॉर्की गावातल्या एका हॉटेलात उतरले होते, तिथल्या मालकाचं वागणं बघून ही कल्पना सुचली.

पहिल्याच भागात बेझिलला 'वरच्या वर्गातलं' गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून तो मोठ्या लोकांच्या मासिकात जाहिरात देतो. साध्या पाहुण्यांवर खेकसतो. मग एक 'लॉर्ड' येतो. त्याच्यासाठी बेझिल जेवणाऱ्या माणसांना टेबलावरून उठवतो आणि त्याचा चेकही वटवून द्यायला निघतो. तो लॉर्ड भामटा निघतो. ज्या साध्या पाहुण्याला बेझिल कमी लेखत होता, तो असतो त्या भामट्याच्या मागावर आलेला पोलीस! केळवे, चिंचणी, डहाणूच्या किनाऱ्यावर ज्यांना घरगुती राहण्या-जेवणाचा व्यवसाय करायचाय, त्यांनी हा भाग जरूर बघावा.

भाव करणारी बाई आणि सर्फ

घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग येतो, हे मला कळतं. पण मोठ्या कंपनीने त्याच गिऱ्हाइकाकडे कसं बघितलं, ते पाहा. करसनभाई पटेल यांनी अहमदाबादमध्ये १९६९ साली निरमा सुरू केली, सायकलवरून घरोघरी विकली. महागडी पावडर ज्यांना परवडत नव्हती अशा घरांत ती पोहोचली. पुढे सर्फची झोप उडाली. उत्तर म्हणून सर्फने जाहिरातीत कोणाला आणलं? ललिताजींना. कविता चौधरी यांनी साकारलेली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैसा न् पैसा तोलून खर्च करणारी गृहिणी. तिला कंपनीने हसण्यावारी नेलं नाही, शहाणी बाई म्हणून उभं केलं. स्वस्त आणि चांगलं यातला फरक तिच्याच तोंडून सांगितला.

मोनिशा आणि ललिताजी दोघीही भाव करणाऱ्याच. एकीला माया हसते, दुसरीपुढे एवढी मोठी कंपनी नमते. धंदा करायचा तर कोणाचं बघून शिकायचं, ते तुम्हीच ठरवा.

"पण सर, रोखठोक दुकानं चालतात की!"

हा प्रश्न येणारच. आणि उदाहरण पुण्याचंच येणार. बरोबर आहे, रोखठोक दुकानं चालतात. पण रोखठोक असणं वेगळं आणि तुच्छ लेखणं वेगळं. 'दुपारी एक ते चार बंद' ही पाटी सगळ्यांना सारखीच लागू असते, गाडीवाल्यालाही आणि सायकलवाल्यालाही. "दादा, उधारी कुणालाच देत नाही, वहीच ठेवलेली नाही" हा नियम झाला. "तुला कशी देणार उधारी?" हा अपमान झाला. नियमाचा राग दोन दिवसांत जातो. अपमान माणूस गावाकडे गेला तरी सांगत बसतो.

काही जण म्हणतात, आम्हाला प्रीमियम गिऱ्हाईकच हवं. जरूर ठेवा. त्यासाठी माल तसा आणा आणि भाव बाहेर ठळक लिहा. भाव वाचून कुणी परत गेला तर तो मान राखून गेला. उद्या पगार वाढला की तोच आत येईल.

मायाची आणखी एक खोड धंद्यात फार महागात पडते. धाकटा मुलगा रोसेश कविता करतो. त्या भयानक असतात, पण मायाला तो महाकवी वाटतो. आपला माल हा आपला रोसेश असतो. गिऱ्हाइकाच्या दहा चुका दिसतात, पण भाजीत मीठ जास्त पडलं, शिलाई उसवली हे दिसत नाही. कुणी सांगितलंच तर वाटतं, याला कुठली आलीय पारख!

या आठवड्यात एवढं करा

एक, रोजच्या वीस गिऱ्हाइकांची नावं विचारा, लिहून ठेवा आणि नावाने हाक मारा. वय आणि ओळख बघून दादा, ताई, काका, मावशी म्हणा. परप्रांतातल्या माणसालाही 'तू' नको.

दोन, भाव लिहून लावा. विचारायलाच लाजणारं गिऱ्हाईक गुपचूप पुढे निघून जातं, तुम्हाला कळतही नाही.

तीन, घरातल्या कुणाला तरी अर्धा तास दुकानात बसवा आणि फक्त ऐकायला सांगा. कोणाशी कोणत्या आवाजात बोललात, ते रात्री विचारा. कामाला ठेवलेला मुलगा कसा बोलतो तेही विचारा, कारण तो तुमचंच बघून शिकतो.

चार, यायचं बंद झालेल्या एका माणसाला गाठा आणि विचारा, "काय चुकलं आमचं?" मग मध्ये न बोलता ऐका.

आज प्रत्येक मोनिशाच्या हातात मोबाइल आहे. ॲपवर ती शंभर वस्तू बघते आणि एकही घेत नाही, तरी ॲप तिला "घेणार आहेस का?" असं विचारत नाही. भावात आपण त्या कंपन्यांना दरवेळी पुरे पडणार नाही. पण ॲपला तिच्या मुलीचं नाव माहीत नसतं, "परवाचा ड्रेस बसला का ताई?" असं ते विचारू शकत नाही. छोट्या दुकानाकडे असलेली ही गोष्ट फुकट आहे आणि ती आपल्याच तोंडात आहे. उद्या सकाळी शटर वर केलं की पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करा.