डबी उघडण्यास सक्त मनाई!

दसऱ्याला गिरगावापासून लालबागपर्यंत कोणत्याही गल्लीत फेरफटका मारावा. मोटारीच्या बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पाना-पक्कडीला हळदकुंकू, असा सारा थाट! पूजा आटोपली की ती हत्यारे डिकीत जातात, ती थेट पुढल्या दसऱ्यापर्यंत. यंत्राला हात लावणे हे आपले काम नव्हे, ते वर्कशॉपातल्या साहेबांचे, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. आणि गंमत अशी की, हे साहेबही हल्ली यंत्राला हात लावीत नाहीत. ते बदलतात.

आमचे भांडण या 'बदला' शब्दाशी आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या मीटरपाशी ए. बी. एस.चा पिवळा दिवा लागला तो विझेना. वर्कशॉपातल्या तरुणाने संगणकाची वायर जोडली, पडद्याकडे पाहिले आणि न्यायाधीशाच्या गांभीर्याने निकाल दिला : "मॉड्यूल गेलं. पूर्ण युनिट बदलावं लागेल." आकडा असा सांगितला की, त्यात एखाद्या मुलीचे वर्षभराचे कॉलेज निघावे. "आत काय बिघडले आहे?" असे विचारले, तर तो आमच्याकडे असा पाहू लागला, की जणू आम्ही देवळाच्या गाभाऱ्यात चपला घालून शिरलो होतो. "ते उघडत नाहीत, काका."

का उघडत नाहीत? ए. बी. एस. ही काही जादू नव्हे. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी किंवा चुंबकी कडे आणि त्यासमोर एक सेन्सर असतो. जोराचा ब्रेक मारला आणि एखादे चाक इतरांच्या मानाने झटकन थांबू लागले, तर ते जाम होऊन घसरणार हे यंत्र ओळखते, त्या चाकाच्या तेलाचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा चढवते. हे सेकंदाला अनेक वेळा घडते. चाक फिरते राहिले म्हणजे गाडी वळवता येते, एवढेच त्यातले मर्म. विमानांच्या चाकांसाठी ही युक्ती १९५०च्या दशकातच वापरात आली; बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए. बी. एस. १९७८ साली मर्सिडीझमध्ये बसली. आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. म्हणजे जी वस्तू सरकारने आपल्या गळ्यात घातली (आणि योग्यच केले!), तिची दुरुस्ती मात्र कुणाला माहीत असता कामा नये, असा हा न्याय आहे.

बॉनेट उघडून पाहावे. अॅल्युमिनियमचा एक ठोकळा दिसतो. त्यात ब्रेकच्या तेलाच्या नळ्या शिरलेल्या, एका अंगाला पंपाची मोटार आणि दुसऱ्या अंगाला प्लॅस्टिकची एक डबी. बुद्धी सारी त्या डबीत. पुष्कळ गाड्यांत ही डबी चार-सहा ताराकृती स्क्रूंनी ठोकळ्यावर बसवलेली असते, आणि एकही नळी न सोडता, तेलाचा थेंब न सांडता ती निघते. आधी बॅटरीची ऋण तार सोडायची, मोठा प्लग खटका उचलून काढायचा, मग डबी सरळ ओढायची. व्हॉल्व्हच्या दांड्या ठोकळ्यातच राहतात. त्यांवर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ झाकण घालायचे.

पण त्याही आधी एक गोष्ट. दिवा लागला म्हणजे डबीच गेली असे नव्हे! फ्यूज पाहावा, चाकाजवळचा प्लग पाहावा, सेन्सरची तार कुठे तुटली आहे का ते पाहावे. हिंदमातेच्या पाण्यातून दरसाल गाडी काढणाऱ्या परळकराच्या सेन्सरवर गंज आणि चिखल नसेल तर काय असेल? रस्त्यावर मिळणारी स्वस्त यंत्रे बहुधा इंजिनाचेच दोष वाचतात, ए. बी. एस.चे दोष वाचणारे यंत्र वेगळे मागावे लागते.

आमची डबी मात्र खरोखरच आजारी होती. झाकण गोंदाने चिकटवलेले. पाते उथळ चालवून ते कापले, कारण खाली लगेच सर्किट असते. भिंगाखाली एका जाड पिनेच्या झाळकामाला केसासारखी तडा गेलेली दिसली. इंजिनाची उष्णता आणि रस्त्यांचे धक्के सोसून दुसरे काय व्हायचे! लॅमिंग्टन रोडवरचे तरुण मोबाइलमधल्या तांदळाएवढ्या चिप्स सूक्ष्मदर्शकाखाली उतरवतात आणि चढवतात; त्यातल्या एकाला हा डाग द्यायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. काही डब्यांत चिनी मातीसारख्या पाटीवर बारीक अॅल्युमिनियमच्या तारा असतात. तिथे साधी कावी चालत नाही, जाणकारच हवा. झाकण पुन्हा लावताना व्हिनेगरचा वास मारणारे सिलिकॉन टाळावे, त्याने तांबे गंजते. आणि आपलीच डबी परत बसल्याने गाडीशी तिची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची आणली, तर ते कोडिंगचे लचांड मागे लागते.

आता शहाणे लोक म्हणतील, "अहो, ब्रेकशी खेळ?" प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच रेघ कुठे ओढायची ते स्पष्ट सांगतो. डबी उघडा, ठोकळा उघडू नका. नळ्या सुटल्या की तेलात हवा शिरते, ठोकळ्याच्या पोटात अडकते, आणि ती काढायला पुष्कळदा संगणकाने पंप फिरवावा लागतो. ते काम चाळीच्या अंगणातले नव्हे. ए. बी. एस. बंद असली तरी साधा ब्रेक बहुधा चालतो, पण ओल्या रस्त्यावर चाके जाम होतील हे लक्षात ठेवूनच गाडी हळू चालवावी. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी हलवूच नये. दुरुस्तीनंतर दिवा किल्ली फिरवताच लागून विझला पाहिजे. मग मोकळ्या मैदानात, हळू वेगात परीक्षा. मरीन ड्राइव्हवर नव्हे!

सुरक्षिततेची ही सबब कंपन्यांच्या तोंडी मात्र शोभत नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यांचा दोष काय? सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले, ते असो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही उघडले. पण पोर्टल उघडले म्हणून डबी उघडत नाही!

आणि हे कुठल्या शहरात? कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी टॅक्सी ज्या शहरात फूटपाथवरच्या मिस्त्रीच्या भरवशावर दशकानुदशके धावली आणि २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, त्या शहरात! गिरण्यांतल्या फिटर-टर्नरांनी परदेशी यंत्रे खोलून, भाग घडवून वर्षानुवर्षे चालवली, त्या परळ-लालबागेत! १९८२च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंड होत गेली. त्यांचे हात कुठे गेले, हे कुणी विचारले नाही. आता त्यांचीच नातवंडे टॉवरच्या तळघरात गाडी लावतात आणि "युनिट बदला" असे ऐकले की निमूटपणे कार्ड पुढे करतात.

तेव्हा दिवाळीच्या प्रवासाआधी गाडी वर्कशॉपात नेलीत आणि 'बदला' ऐकलेत, तर दोषाचा क्रमांक कागदावर लिहून मागा. सेन्सर तपासला का, हे विचारा. आणि बदललेच, तर जुनी डबी परत मागून घ्या. तिचे पैसे गाडी घेतानाच तुम्ही मोजलेले आहेत.