मुंगीला पाय किती?

आधी उत्तर द्या. गूगल करायचं नाही, शेजारच्या क्युबिकलमध्ये डोकावायचं नाही. मुंगीला पाय किती? सहा म्हणालात तर शाब्बास, शाळेतलं लक्षात आहे तुमच्या. आता पुढचा प्रश्न. डोकं, मधला भाग आणि मागचा फुगीर भाग, यापैकी पाय कुठल्या भागाला असतात?

झाली ना पंचाईत? सहाही पाय मधल्याच भागातून निघतात. आपण आजवर हजारो मुंग्या पाहिल्यात, त्यातल्या निम्म्या चहाच्या कपात. पण 'पाहिल्यात' म्हणजे नुसत्या नजरेखालून गेल्यात.

चार-पाच वर्षांच्या पोराला बघा. बिल्डिंगच्या जिन्यात मुंग्यांची रांग दिसली की ते उकिडवं बसलंच. आणि आपण काय म्हणतो? "चल ना राजा, उशीर होतोय!" रिक्षा मिळवायची असते, थंब मारायचा असतो, सगळं मान्य. पण हेच आपण रोज म्हणतो. मग सातव्या-आठव्या वर्षी पोरगं कशाकडेच बघत नाही म्हणून त्याला महागडा 'ब्रेन डेव्हलपमेंट'चा क्लास लावतो. मला तर हा सगळा धंदा जाम विनोदी वाटतो. जे होतं ते आधी घालवायचं आणि मग फी भरून परत आणायचं!

त्यापेक्षा मूठभर मटकी भिजवा. सीरियसली.

हिंजवडीत नोकरी करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिचे कॉल्स रात्री साडेदहापर्यंत, लेक दिवसभर आजीकडे. मुलीबरोबर जागेपणी मिळणारा वेळ म्हणजे सकाळची पंचेचाळीस मिनिटं, त्यातही डबा आणि वेण्या. अपराधी वाटायचं तिला, आणि त्या भरात दर शनिवारी एक नवं खेळणं घरी यायचं. मग कुणीतरी तिला ग्लासातली मटकी सुचवली. काचेच्या ग्लासाला आतून टिश्यू पेपर लावायचा, पेपर आणि काच यांच्या मध्ये भिजवलेले चार-पाच दाणे अडकवायचे, तळाशी थोडं पाणी. बास. रोज सकाळी ब्रश करता करता दोघींनी ग्लासासमोर उभं राहायचं आणि लेकीने सांगायचं, कालच्यापेक्षा काय वेगळं दिसतंय. ऑफिसातल्या स्टँड-अप मीटिंगसारखं. फक्त इथे स्टेटस खरं असतं!

पहिला शोध लागला तो असा, की आधी खाली जाणारं मूळ येतं, पानं नंतर. मूळ बोटाच्या पेराएवढं झाल्यावर मैत्रिणीने ग्लास आडवा केला. दोनेक दिवसांत मुळाचं टोक वळून पुन्हा जमिनीकडे! खाली कुठे हे मुळाच्या टोकाला गुरुत्वाकर्षणामुळे कळतं, हे आपल्याला माहीत असतं. ते लगेच सांगायचं नाही, हीच तर गंमत आहे. "त्याला कसं कळलं गं?" एवढंच विचारायचं. (उत्तर आलं, "त्याला तहान लागली होती." मला तरी ते अगदीच वाईट वाटलं नाही.)

मग दोन ग्लास झाले. एक खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने कपाटातला कोंब लांबलचक आणि फिकट पिवळा, खिडकीतला बुटका आणि हिरवा. पोरीने निकाल लावला: "अंधारातला जास्त हुशार, तो उंच झाला." इथे आपली जीभ वळवळते. चूक, चूक, सूर्यप्रकाश लागतो, पुस्तकात लिहिलंय! पण तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. अंधारातला कोंब खरंच जास्त लांब वाढतो, उजेड शोधत. मैत्रिणीने काही न बोलता ग्लास तसेच ठेवले. दाण्यातली शिदोरी संपल्यावर काही दिवसांनी उंच महाशय आडवे झाले, आणि पोरीने आपलं मत स्वतःच बदललं. असा क्षण कुठल्या किटमध्ये मिळतो, सांगा.

आजीही यात ओढल्या गेल्या. थंडीत मटकीला मोड उशिरा येतात, म्हणून त्या पुरचुंडी गॅसजवळ ठेवतात. हा प्रयोग त्या गेली चाळीस वर्षं करताहेत, विज्ञान न म्हणता. नातीने एक पुरचुंडी फ्रिजमध्ये आणि एक ओट्यावर ठेवून आजीचं म्हणणं तपासलं. आजी पास.

हे काही नवीन फॅड नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने 1860-61च्या ख्रिसमसला मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर! आणि आपल्या पुण्यातच, 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि स्ट्रॉ यांतून अख्खी विज्ञानाची खेळणी उभी केली. आयआयटी कानपूरचा हा इंजिनीअर, 2018 साली पद्मश्री मिळालेला, कचऱ्यातून खेळणी करतो. आणि ती शोधिका उभी राहिली पुलंच्या कुटुंबाच्या देणगीतून. त्यामुळे 'आमच्याकडे सामान नाही' ही सबब बाद.

मुंग्यांकडे परत येऊ. रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवा. मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, इकडेतिकडे फिरतात, कारण वासाची वाट पुसली गेलेली असते. मुलाला विचारा, कितव्या मुंगीला पुन्हा रस्ता सापडला? मोजायला बसलं की अर्धा तास निवांत. संत्र्याचं त्याहून सोपं: सालीसकट पाण्यात टाकलं तर तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं. हलकं झालं तरी बुडलं कसं? तुमच्या टीममध्येही विचारून बघा. वाद होतात, मी पाहिलेत.

स्कूलबसची वाट बघतानाही काम होतं. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी सातला पश्चिमेकडे बघा, चंद्र असतो. रोज त्याच वेळी, त्याच गेटजवळून बघितलं तर तो रोज थोडा कमी आणि थोडा वर सरकलेला दिसतो. चंद्र फक्त रात्री असतो असं मानणारे मोठे लोक तुमच्याच बसस्टॉपवर निघतील.

पोरंबाळं नसलेल्यांनी हसू नका. भाचा, पुतणी, शेजारचा बंटी, कुणीही चालेल. फक्त दोन गोष्टी टाळा. एक, "व्वा, हुश्शार!" करून विषय संपवणं. दुसरी, त्याच्या आधी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवणं. मूळ वाकायला दोन दिवस लागतात; रीलमध्ये ते दोन सेकंदांत होतं, मग ग्लासाकडे कोण बघणार?

मोठा इव्हेंटच हवा असेल तर मे महिन्याची वाट बघा. शून्य सावलीचा दिवस पुण्यात 13 मेच्या आसपास आणि मुंबईत 15 मेच्या आसपास येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली गायब होते. जुलैच्या अखेरीसही तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्यच दिसत नाही, सावली कुठली! आठवडाभर आधीपासून त्याच वेळी गच्चीत एक बाटली उभी करा आणि सावलीच्या टोकाशी पोराकडून खडूने खूण करून घ्या. टोपी घाला, सूर्याकडे थेट बघू देऊ नका. आणि वीकडेला साडेबाराला घरी कसं यायचं, बॉसला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.